हवामान आणि बाइकचा कार्बोरेटर : ठाणे-नवी मुंबईतल्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२० मध्ये बीएस६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि नव्या बाइकवरून कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, जवळजवळ गेलाच. पण त्याआधीच्या गाड्या आपल्याकडे आजही रोज धावतात. माझ्याकडेही दोन आहेत: २००८ची स्प्लेंडर आणि वडिलांची कास्ट आयर्न बुलेट. ठाण्यात राहून बेलापूरला नोकरी करताना या दोन्ही गाड्या मी तिन्ही ऋतूंत चालवल्या आणि त्यांचे कार्बोरेटर स्वतः उघडले. ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

हवामान बदललं की कार्बोरेटरमध्ये नेमकं काय बदलतं?

कार्बोरेटरमधलं काहीच बदलत नाही, आणि अडचण तीच आहे. त्याच्या गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतलं पेट्रोल त्या दाबाच्या फरकाने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तुकड्यातून, वर खेचलं जातं. जेटचं भोक ठरलेलं असतं. आत येणारी हवा दाट आहे की विरळ, हे त्याला कळायची सोय नसते.

थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. समजा हवा १० टक्क्यांनी विरळ झाली. मग इंजिनात जाणारी हवा वजनाने १० टक्के कमी झाली. पेट्रोल मात्र तेवढं कमी होत नाही, कारण ते दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खेचलं जातं. ते सुमारे ५ टक्केच घटतं. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, गाडी रिच झाली. उलट हवा दाट झाली की गाडी लीन होते. ऊन, थंडी आणि घाटाची उंची, तिन्हींचा परिणाम या एकाच नियमाने होतो.

ठाण्यात वर्षभरात हा फरक किती पडतो?

मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. जानेवारीत पहाटे येऊरच्या पायथ्याशी १८ अंश, मे महिन्यात दुपारी माजिवड्याच्या सिग्नलला ३६ अंश आणि जुलैच्या पावसात २७ अंश, असे तीन दिवस धरले. बाष्प आणि हवेचा दाबही त्या त्या महिन्याच्या अंदाजाने घेतला.

जानेवारीच्या पहाटेला आधार मानलं तर मेच्या दुपारी मिश्रण सुमारे ५ टक्के रिच निघतं. जुलैत ते साधारण साडेतीन टक्के रिच. मुख्य जेटचा नंबर, म्हणजे भोकाचं माप, एका पायरीने बदलला तर साधारण ५ टक्क्यांचाच फरक पडतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड पहाटेपासून सगळ्यात तापलेल्या दुपारपर्यंतचं अंतर फार तर एका जेटचं आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की ठाणे-नवी मुंबईच्या हद्दीत चालणाऱ्या गाडीला ऋतूप्रमाणे जेट बदलायची गरज नाही. मधल्या हवेत, म्हणजे २७-२८ अंशांच्या आसपास, नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी दहाच्या सुमाराला, गाडी एकदा नीट लावून घ्या. तिथून दोन्ही टोकं दोन-तीन टक्क्यांवर राहतात आणि चारस्ट्रोक इंजिन तेवढं सहज पचवतं. मे महिन्याच्या भर दुपारी लावलेली गाडी मात्र जानेवारीत लीन वाटते आणि सकाळी रडते. वर्षभर मिश्रणाचा स्क्रू पिळत बसणारे बहुतेक लोक याच फेऱ्यात अडकलेले असतात.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, मग सेटिंग बदलायला नको?

हा समज फार पक्का आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते हे खरं. पण सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढं बाष्प मावू शकतं त्याच्या किती टक्के आहे, एवढंच. हवा गरम असेल तर तिच्यात जास्त बाष्प मावतं. मे महिन्यात ३६ अंशांना ५५ टक्के आर्द्रता असली तरी हवेतलं प्रत्यक्ष बाष्प जुलैतल्या २७ अंश आणि ९० टक्क्यांइतकंच भरतं. दोन्ही वेळा ते हवेच्या साधारण ३ टक्के असतं. बाष्प तेवढ्या ऑक्सिजनची जागा घेतं हे बरोबर आहे, पण ती जागा त्याने मे महिन्यातच घेतलेली असते.

आता पावसाने हवा आठ-नऊ अंशांनी थंड केली. थंड झाली म्हणून ती दाट झाली. परिणामी मेच्या मानाने जुलैत मिश्रण किंचित लीनच होतं, दीडएक टक्क्याने. पहिला पाऊस पडल्यावर घोडबंदर रोडला गाडी एकदम मोकळी पळते असं वाटतं ना? त्याचं कारण हेच.

मग पावसाळ्यात गाडी मिसिंग का मारते, म्हणजे मध्येच का अडखळते?

पाण्यामुळे. हवेतल्या बाष्पामुळे नाही, खऱ्या, ओल्या पाण्यामुळे. माझ्या अनुभवात जून ते सप्टेंबर कार्बोरेटरच्या नावाने होणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक याच असतात.

आधी प्लगची टोपी आणि तिची वायर बघा. रबर चिरलं असेल तर ठिणगी पाण्यावाटे इंजिनच्या अंगावर उतरते. अंधारात गाडी सुरू ठेवून वायरीवर थोडं पाणी शिंपडलं तर निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब ठेवा. टोपी नवीन घाला, आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

मग एअर फिल्टर. कागदी फिल्टर भिजला की हवा कोंडते, गाडी जड होते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. चालकाला वाटतं पेट्रोल जास्त जातंय आणि तो स्क्रू फिरवतो. फिल्टर दोन दिवसांनी सुकतो आणि फिरवलेला स्क्रू तसाच राहतो.

तिसरं टाकीचं झाकण. त्याची रबरी सील कडक झाली की पावसाचं पाणी आत झिरपतं. झाकणात हवा जायला एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं तर गाडी बंद पडते: चार-पाच किलोमीटर नीट चालते, मग दम तोडते. झाकण उघडलं की 'सूंऽऽ' आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू होते. हा आवाज आला तर कार्बोरेटरला हातही लावू नका, भोक साफ करा.

चौथं म्हणजे कार्बोरेटरच्या अंगाला असलेल्या बारीक रबरी नळ्या. त्यातली एक वाटीला बाहेरची हवा देते. तिचं तोंड चिखलाने बंद झालं तर वाटीतलं पेट्रोल वर चढत नाही. काही वर्षांपूर्वी जुलैत विटाव्याला रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून मी स्प्लेंडर काढली आणि पुढे ऐरोलीच्या अलीकडे ती अडखळायला लागली. ओळखीच्या नसलेल्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी 'पावसाळी सेटिंग' म्हणून मोठा जेट टाकला, पैसे घेतले, आणि गाडी दुसऱ्या दिवशी तशीच. घरी येऊन वाटीचा खालचा स्क्रू सोडला तर तळाला पाणी होतं आणि नळीच्या टोकाला गाळ. दोन्ही साफ केलं, जुना जेट परत टाकला, गाडी सरळ झाली. मला त्या पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की कोणीच आधी वाटी रिकामी करून पाहिली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिलं काम तेच सांगतो.

वाटीतलं पाणी कसं ओळखायचं?

इंजिन थंड होऊ द्या. आसपास विडी-सिगारेट, देवाची समई, काही नको. पेट्रोल कॉक बंद करा, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत धरा. दोन मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असतं, ते तळाला वेगळा थर किंवा मणी होऊन बसतं. मुख्य जेट वाटीच्या तळातूनच पेट्रोल ओढतो, म्हणून चमचाभर पाणीसुद्धा गाडी बंद पाडायला पुरतं. जूननंतर दर पंधरा दिवसांनी हे केलं तर बराच मनस्ताप वाचतो.

ई२० पेट्रोलमुळे सेटिंग बिघडतं का?

हवामानापेक्षा जास्त फरक पेट्रोलने पडला आहे, हे आधी मान्य करू. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ई२०ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला, साडेतेराच्या आसपास पुरते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. जेट मात्र जुनाच. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर लावलेली गाडी ई२०वर सात-आठ टक्के लीन चालते, आणि १० टक्केवालं पेट्रोल धरून लावलेली गाडी चारएक टक्के. मे आणि जानेवारीतल्या फरकाएवढा फरक एकट्या पेट्रोलने केला.

लीन गाडी जास्त तापते. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतात, आणि सकाळी चोक जास्त वेळ लागतो. अशी लक्षणं असतील तर मिश्रणाचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा रिच करावा. पूर्ण रेसला गाडी ओढत नसेल तरच मुख्य जेट एका पायरीने वाढवायचा विचार करा. माझ्या बुलेटला स्क्रूवरच भागलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं आणि जळूनही जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. दमट हवेतून होणारं शोषण सावकाश असतं. टाकीच्या गळक्या झाकणातून आलेलं पाणी हे खरं संकट. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा आणि फ्लोटच्या (वाटीतली पेट्रोलची पातळी सांभाळणाऱ्या तरंग्याच्या) सुईचं टोक इथेनॉलने फुगतं किंवा कडक होतं, तेही वर्षातून एकदा तपासा. फ्लोटची सुई नीट बसली नाही की वाटी ओसंडते आणि खाली पेट्रोल ठिबकतं. असं दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका.

थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही. स्क्रू फिरवू का?

आपल्या थंडीत नको. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात, वाफ कमी होते, म्हणून तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल द्यावं लागतं. चोक त्याचसाठी आहे. पूर्ण चोक ओढा, रेस न देता किक मारा, मिनिटभराने अर्धा, मग बंद. चोक असताना रेस पिळली तर काही कार्बोरेटरमध्ये चोकचा परिणामच निघून जातो, हे अनेकांना माहीत नसतं. जानेवारीत दोन मिनिटांपेक्षा जास्त चोक लागत असेल तर पायलट जेट, म्हणजे रेस न देता इंजिनला पेट्रोल देणारा छोटा जेट, अर्धवट बुजला आहे किंवा व्हॉल्व्हचं टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळलेलं नाही, असा संशय घ्या.

मे महिन्यात जाममध्ये अडकलो, गाडी बंद केली, आता सुरूच होत नाही. का?

चालत्या गाडीला वारा लागत असतो. तीन हात नाक्याला किंवा मुंब्रा बायपासला अर्धा तास रांगत गेल्यावर इंजिन बंद केलं की त्याची उष्णता कार्बोरेटरकडे चढते. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतो. वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं, प्लग ओला होतो. अशा वेळी चोक ओढू नका. रेस पूर्ण उघडी ठेवून किक मारा, म्हणजे साचलेली वाफ बाहेर जाईल. नाहीच झाली तर दहा मिनिटं सावलीत थांबा. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मध्ये काळी जाड बेकलाइटची चकती असते, ती उष्णता अडवण्यासाठी आहे. एखादा मेकॅनिक ती काढून नुसतं पॅकिंग बसवून देत असेल तर नाही म्हणा.

मिश्रणाचा स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण स्क्रू दोन जातींचे असतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-हवेचं मिश्रण सोडतो: बाहेर काढला की रिच, आत घेतला की लीन. अगदी उलट. मित्राच्या गाडीवर चाललेला उपाय तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही, तो म्हणूनच.

पद्धत अशी. गाडी पंधरा मिनिटं चालवून गरम करा. आधी स्क्रू आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. हळूच टेकवायचा, आवळायचा नाही, नाहीतर त्याचं टोक आणि बैठक कायमची खराब होते. मग मोजलेले फेरे परत बाहेर आणा. बहुतेक गाड्यांना दीड ते अडीच फेऱ्यांच्या मध्येच जागा सापडते. गाडी सुरू करून पाव-पाव फेरा फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा. जिथे इंजिनचा आवाज सगळ्यात चढता आणि एकसारखा होतो तिथे थांबा, आणि आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, दुसऱ्या स्क्रूने खाली आणा. लहान कम्यूटर गाड्यांना १४००च्या आसपास फेरे प्रतिमिनिट हवेत. रेस एकदम पिळल्यावर गाडी गचका खात असेल तर किंचित रिच करा.

हा स्क्रू फक्त आयडल आणि अगदी थोड्या रेसपुरताच असतो. पाव ते पाऊण रेस नीडल, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई, सांभाळते, त्यापुढे मुख्य जेट. साठच्या वेगाला येणारी मिसिंग आयडलच्या स्क्रूने जाणार नाही.

स्क्रू कितीही फिरवला तरी आवाज बदलत नाही, तर?

पायलट जेट बुजलेला आहे, किंवा इंजिन आणि कार्बोरेटरमधलं रबर चिरून बाहेरची हवा आत येते आहे. आधी ते दुरुस्त करा. पायलट जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

प्लगचा रंग बघून सेटिंग कळतं का?

पूर्वी जास्त कळायचं. दुधाच्या चहासारखा फिका तपकिरी रंग चांगला, काळी भुकटी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. आताच्या पेट्रोलवर प्लग मुळातच फिका दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबून पेट्रोल वाढवू नका. सिग्नलच्या जाममधून आल्याआल्या काढलेला प्लग काहीच सांगत नाही. पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवून मग काढा. पीयूसी केंद्रावर आयडलला मोजलेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही उपयोगी आहे. तो कागद फेकू नका.

वाशी-नेरूळच्या खाऱ्या हवेचा त्रास होतो का?

मिश्रणाला नाही, धातूला होतो. खाडीकाठी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरते, स्क्रू अडकतात. पावसाळ्याआधी स्क्रूंना गंजरोधक तेलाचा थेंब द्या. तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसी पट्ट्यातून रोज जाणाऱ्यांचा प्रश्न मात्र धुळीचा असतो. फिल्टर लवकर भरतो आणि गाडी रिच होते. कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर तो उघडून पाहा.

माळशेज, महाबळेश्वर किंवा लेहला जायचं असेल तर?

माळशेजच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटरवर, गाडी तीन-साडेतीन टक्के रिच होते. काही करू नका. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर, तिथे सहा-सात टक्के. वर थंडावा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. चढावर थोडी जड वाटेल, एवढंच.

लेहचं वेगळं आहे. ३५०० मीटरवर हवा जवळपास ३० टक्के विरळ असते आणि मिश्रण वीसएक टक्के रिच होतं. तिथे लहान मुख्य जेट सोबत हवा आणि नीडलची क्लिप एक खाच वर, म्हणजे नीडल खाली, घ्यावी लागते. परतताना मैदानात उतरल्यावर ते सगळं आठवणीने मूळ जागी आणा. लहान जेटवर राजस्थानच्या उन्हात लांब पल्ला मारला तर पिस्टन धरू शकतो.

माझी गाडी इंजेक्शनची आहे. यातलं काही लागू होतं का?

मिश्रणाच्या सेटिंगचं नाही: हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतो, सिलिंडरला पेट्रोल त्या हिशेबाने मिळतं. प्लगची टोपी, फिल्टर आणि टाकीचं झाकण यांबद्दल जे लिहिलं ते मात्र तुम्हालाही तितकंच लागू आहे.

पावसाळ्यात दोन महिने गाडी वापरणार नाही. काय करून ठेवू?

टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग ड्रेन स्क्रू सोडून वाटीत उरलेलं काढा. वाटीत पेट्रोल ठेवून आठवडे गेले की हलका भाग उडतो, चिकट थर राहतो आणि सगळ्यात आधी पायलट जेट बुजतो. गणपतीला बाहेर काढाल तेव्हा कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, वाटी भरू द्या, मग किक मारा.